शाब्दिक उदाहरणे : शब्द झाकून पाहा

गणिताच्या पाठ्यपुस्तकात प्रकरणाच्या शेवटी शाब्दिक उदाहरणे असतात. आधी नियम, मग सोडवून दाखवलेली दोन उदाहरणे, मग नुसत्या आकड्यांचा सराव आणि शेवटी शब्दांत मांडलेले आठ-दहा प्रश्न, हा क्रम ठरून गेलेला आहे. मुलांना या शेवटच्या भागाची धास्ती असते आणि शिक्षकांना तो उरकायचा असतो. पण 'गणित कशाला शिकायचे?' असे कोणी विचारले, की आपण 'व्यवहारात उपयोगी पडते' असे उत्तर देतो आणि याच भागाकडे बोट दाखवतो. पुस्तकात व्यवहार शिरतो तो बहुतेक या उदाहरणांच्या दारानेच. तेव्हा आपण भाषेच्या तासाला धड्याचे जसे रसग्रहण करतो, त्यातले चांगले-वाईट पाहतो, तसे या उदाहरणांचेही करायला हवे. ते सहसा कोणी करत नाही. उदाहरण अवघड की सोपे एवढेच पाहिले जाते.

परीक्षणासाठी एक साधी कसोटी घेऊ. उदाहरणातले शब्द हाताने झाकावेत आणि फक्त आकडे उघडे ठेवावेत. एवढ्यावर मुलाला बरोबर उत्तर काढता आले, तर ते उदाहरण शाब्दिक नाही. त्यातले शब्द म्हणजे नुसते वेष्टन आहे.

'एका पेटीत २४ आंबे मावतात, तर अशा १५ पेट्यांत एकूण किती आंबे मावतील?' हे उदाहरण घ्या. शब्द झाकले तर २४ आणि १५ उरतात. प्रकरणाचे नाव 'गुणाकार' असते. मूल २४ ला १५ ने गुणून ३६० लिहिते आणि पूर्ण गुण मिळवते. पेटी, आंबे, मावणे यांपैकी एकही गोष्ट त्याच्या मनात आली नाही तरी चालते. हे उदाहरण चुकीचे नाही. पहिल्या ओळखीसाठी असली चार उदाहरणे हवीतही. पण दहापैकी दहा उदाहरणे अशीच असली, तर शब्द वाचण्याची गरज नसते हाच धडा मूल शिकते.

खुणेचे शब्द

हा धडा पुढे पक्का होतो तो 'खुणेच्या शब्दां'मुळे. 'एकूण' किंवा 'मिळून' दिसले की बेरीज, 'उरले' किंवा 'कमी' दिसले की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसले की भागाकार, अशी यादी वर्गात फळ्यावर आणि मार्गदर्शकांत चौकटीत लिहिलेली आढळते. यामागे शिक्षकाचा हेतू चांगलाच असतो. वर्गात साठ मुले असतात, परीक्षा तोंडावर असते आणि मागे पडलेल्या मुलाच्या हाती काहीतरी द्यायचे असते. यादीमुळे त्याला चार गुण अधिक मिळतात, हे नाकारता येत नाही.

आता हे उदाहरण पाहा : 'राजूजवळ १२ गोट्या आहेत. सीमाजवळ जितक्या आहेत त्यापेक्षा या ५ ने कमी आहेत. तर सीमाजवळ किती गोट्या आहेत?' यादी पाठ केलेले मूल 'कमी' शब्द पकडते आणि १२ मधून ५ वजा करून ७ लिहिते. उत्तर १७ आहे. कोण कोणापेक्षा कमी, हे 'त्यापेक्षा या' या दोन शब्दांत दडलेले आहे, आणि ते दोन शब्द कोणत्याही यादीत नसतात. या मुलाची वजाबाकी बरोबर आहे, त्याचे चुकले ते मराठी. पण आपण उत्तरपत्रिकेवर गणिताची फुली मारतो आणि त्याला वजाबाकीची आणखी वीस उदाहरणे घालतो.

या सवयीचे परिणाम जगभर तपासले गेले आहेत. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांना एक विचित्र प्रश्न दिला गेला. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बोकड आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून वय काढून दाखवले. ही मुले मूर्ख नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, हा शाळेचा अलिखित नियम त्यांनी प्रामाणिकपणे पाळला होता.

अमेरिकेतील एका राष्ट्रीय चाचणीतला १९८३ मधला प्रश्नही प्रसिद्ध आहे. सैन्याच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. ११२८ सैनिकांना न्यायचे आहे, तर बस किती लागतील? तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. तरी ३२ हे उत्तर २३ टक्क्यांनीच लिहिले. २९ टक्क्यांनी '३१, बाकी १२' असे लिहिले, तर १८ टक्क्यांनी नुसते ३१. बाकी राहिलेले बारा सैनिक रस्त्यावर उभे आहेत, हे त्यांच्या मनात आले नाही. भागाकार झाला, पण उत्तर परत बसपर्यंत पोचलेच नाही.

आपल्या ओळखीचे उदाहरण हवे असेल तर शिक्षणहक्क कायदाच घ्या. २००९ च्या या कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक असे प्रमाण दिले आहे. ६१ ला ३० ने भागले तर भागाकार २ आणि बाकी १. ही बाकी म्हणजे एक अख्खा शिक्षक आहे. राज्याच्या पुढच्या शासन निर्णयांनी निकष बदलले, तरी बाकीचा अर्थ बदललेला नाही. एका विद्यार्थ्याने काय फरक पडतो, हे लहान शाळेतल्या शिक्षकांना कोणी सांगायला नको.

लीलावतीकडे पाहताना

शाब्दिक उदाहरण हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली. त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता. तसे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. ना. ह. फडके यांच्या 'लीलावती पुनर्दर्शन' या पुस्तकामुळे हा ग्रंथ मराठी वाचकाला सहज वाचता येतो. लीलावतीतले भुंगे, हंस, कमळे आणि मोर यांचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. पण हे कौतुक बहुधा काव्याचे असते. उदाहरण म्हणून ती कशी आहेत, हे आपल्या कसोटीवर पाहू.

एका उदाहरणात कमळांची एक रास आहे. तिचा तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला, उरलेली सहा कमळे गुरूला दिली, तर एकूण कमळे किती? शब्द झाकले तर चार अपूर्णांक आणि ६ हा आकडा उरतो. एवढ्यावर काहीच करता येत नाही. हे भाग सगळे मूळ राशीचे आहेत की प्रत्येक वेळी उरलेल्या राशीचे, हे शब्दच सांगतात. येथे ते मूळ राशीचे आहेत.

भास्कराचार्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. तिला ते इष्टकर्म म्हणतात. सोयीची एखादी संख्या मनाने धरायची. समजा कमळे ६० होती. मग वाहिलेली २०, १२, १० आणि १५, म्हणजे ५७. उरली ३. पण उरायला हवीत ६, म्हणजे दुप्पट. म्हणून एकूण कमळे १२०. यात समीकरण नाही. मुलाने अंदाज केला, तो उदाहरणाच्या गोष्टीत घालून पाहिला आणि मग सुधारला. ही रीत शब्द वाचल्याशिवाय चालतच नाही, कारण अंदाज तपासायचा तो शब्दांवरच.

मोर आणि सापाचे उदाहरणही असेच. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे आणि साप त्यापासून सत्तावीस हातांवरून बिळाकडे येत आहे. मोर तिरपी झडप घालतो. बिळापासून किती अंतरावर दोघांची गाठ पडेल? उत्तर आहे बारा हात. पण दोघांनी सारखेच अंतर कापले, हे भास्कराचार्यांनी श्लोकातच सांगून ठेवले आहे. ते गृहीत नसेल तर उदाहरण सुटत नाही. आपल्या पुस्तकांत नेमकी हीच गोष्ट गाळलेली असते. दहा मजूर जे काम सहा दिवसांत करतात ते साठ मजूर एका दिवसात करतील, असे आपण सहज लिहून जातो. मग सहाशे मजुरांना दिवसाचा दहावा भाग पुरेल काय? 'प्रत्येक मजुराचे रोजचे काम तेवढेच राहते असे धरा' हे एक वाक्य घातले, तर मुलाला निदान आपण काहीतरी धरले आहे एवढे तरी कळेल.

लीलावतीची नुसती स्तुती करून मात्र भागणार नाही. व्यस्त त्रैराशिकात भास्कराचार्य एक उदाहरण देतात. सोळा वर्षांच्या दासीची किंमत ३२ निष्क, तर वीस वर्षांच्या दासीची किती? शब्द झाकून सरळ त्रैराशिक केले तर ४० येतात. वय वाढले की किंमत उतरते, म्हणून उत्तर २५ पूर्णांक ३ पंचमांश असे धरले आहे. आपल्या कसोटीला हे उदाहरण उतरते. तरी ते आज वर्गात ठेवता येणार नाही, आणि त्याची कारणे दोन. एक म्हणजे माणसाची विक्री ही त्यात नित्याची बाब आहे. उदाहरणातले शब्द आपल्याबरोबर आपला समाजही घेऊन येतात. दुसरे कारण गणिताचे आहे. वय दुप्पट झाले की किंमत बरोबर निम्मी होते, ही केवळ रीत बसवण्यासाठी केलेली सोय आहे. उदाहरण नियमासाठी बेतलेले आहे. आजच्या पुस्तकांत हाच दोष शेकडो ठिकाणी दिसतो, फक्त दासीच्या जागी दुकानदार आलेला आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. उदाहरण चांगले ठरायला ते वास्तवातलेच असावे लागते असे नाही. खांबावरचा मोर काही कोणाच्या रोजच्या व्यवहारातला नव्हे. उदाहरण चांगले ठरते ते त्यातले शब्द टाकून देता येत नाहीत म्हणून.

बाजारातले गणित, वहीतले गणित

'मग खऱ्या बाजारातली उदाहरणे घाला, म्हणजे झाले' असे कोणी म्हणेल. इतके ते सोपे नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के त्यांनी बरोबर केले. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिल्यावर हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. ३५ चा एक असे चार नारळ घेतले तेव्हा एका मुलाने तिनांचे १०५ आणि वर ३५, म्हणजे १४० असे चटकन सांगितले. तोच गुणाकार कागदावर करताना त्याने हातचा आधी मिळवून मग गुणले आणि उत्तर २०० लिहिले. या अभ्यासातली एक बाब मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तेच हिशेब शाब्दिक उदाहरण म्हणून दिले, तेव्हा सुमारे ७४ टक्के बरोबर आले. म्हणजे शब्दांची मुलांना मदतच झाली होती.

आपल्याकडचा दाखला ताजा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व कोलकाता येथील बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांची पाहणी केली. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बाजारातल्या मुलांना गुंतागुंतीचे हिशेब तोंडी येत होते, पण शाळेच्या पद्धतीची साधी उदाहरणे जमत नव्हती. फक्त शाळेत शिकणाऱ्या मुलांचे उलट होते. त्यांना वहीतली उदाहरणे येत, बाजारातला हिशेब जमत नसे. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनीही घरगुती उद्योगांना हातभार लावणाऱ्या शाळकरी मुलांच्या गणिताचा अभ्यास केला आहे. कामातून मुलांकडे आलेले हे ज्ञान वर्गात येते, पण वर्ग त्याची दखल घेत नाही.

पनवेलच्या बाजारात साठ रुपये किलोची भाजी पाऊण किलो मागितली, तर विकणारी बाई तीन पाव म्हणजे पंधरा त्रिक पंचेचाळीस असे म्हणते. वर्गात तेच मूल ०.७५ गुणिले ६० मांडते आणि दशांशचिन्ह कुठे द्यायचे यात अडकते. पाव, निम, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे आपल्या जुन्या शाळांत होते. ते पुन्हा पाठ करून घ्यावेत असे येथे सुचवायचे नाही. पण पाऊण या शब्दात तीन पाव दडलेले आहेत, ही गोष्ट वर्गात बोलली गेली तर बाजार आणि वही यांच्यात एक फळी टाकल्यासारखे होईल. ती फळी टाकायची जागा म्हणजे शाब्दिक उदाहरण.

तीस टक्के कशाचे?

पनवेल-उरण भागातल्या मुलांसाठी शेकडेवारीचे एक उदाहरण घरोघरी तयार आहे. पाठ्यपुस्तके देशभर किंवा राज्यभर चालतात, त्यामुळे ते पुस्तकात यायचे नाही. ते शिक्षकानेच वर्गात आणले पाहिजे.

सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला द्यायचा आणि त्यातून तीस टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा करायचे, असा तिचा हिशेब आहे. या भागात 'साडेबारा टक्के' हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो.

आता उदाहरण घाला : एका शेतकऱ्याची एक एकर जमीन संपादित झाली. त्याच्या हाती किती गुंठ्यांचा भूखंड येईल?

शब्द झाकले तर १, साडेबारा आणि ३० हे आकडे उरतात. एकाने ते जोडून साडेबेचाळीस टक्के केले. दुसऱ्याने चाळीस गुंठ्यांचे तीस टक्के म्हणजे बारा गुंठे काढले आणि ते पाच गुंठ्यांतून वजा करायला निघाला. उत्तर उणे सात गुंठे आले. जमीनही गेली आणि वर सात गुंठे देणे लागतो, असे हे उत्तर म्हणते. ते लिहिताना ज्या मुलाचा हात थांबत नाही, त्याला शेकडेवारी येत असली तरी शाब्दिक उदाहरण येत नाही.

बरोबर वाचन असे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे आठवा भाग, म्हणून ५ गुंठे. तीस टक्के 'त्यातून', म्हणजे पाचातून. ते झाले दीड गुंठा. उरले साडेतीन गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, १०८९ चौरस फूट. साडेतीन गुंठ्यांचे ३८११.५ चौरस फूट होतात. चार वारसांत सारखी वाटणी केली, तर प्रत्येकी सुमारे ९५३ चौरस फूट. बोलण्यात साडेबारा टक्के असले, तरी मूळ जमिनीशी ताडून पाहता हाती पावणेनऊ टक्के येतात. हा सगळा फरक 'त्यातून' या एका शब्दाचा आहे.

हेच उदाहरण उलट केले की बीजगणित सुरू होते. एका कुटुंबाला वजावट जाऊन सात गुंठ्यांचा भूखंड मिळाला, तर त्यांची किती जमीन गेली होती? जमीन क्ष गुंठे मानू. क्ष चा आठवा भाग, त्याचे सात दशांश, बरोबर सात. म्हणून क्ष = ८०, म्हणजे दोन एकर. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले. त्याच्या जमिनीसाठी हा आकडा साडेबावीस टक्क्यांचा होता. तीस टक्क्यांची वजावट तशीच धरली, तर एकराला किती गुंठे येतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. उत्तर ६.३ गुंठे येते.

ही योजना न्याय्य होती की नाही, हा वाद गणिताच्या तासाला मिटणार नाही. पण टक्के कशाचे हे न कळताच कागदावर सही करणाऱ्या माणसाला त्या वादात बोलता येत नाही. व्यवहारात गणिताचा उपयोग होतो असे आपण म्हणतो, तो हा. नफा-तोट्याची पन्नास उदाहरणे सोडवूनही जर 'पैकी', 'त्यातून', 'च्या', 'ने वाढला' आणि 'इतका झाला' यांतला फरक मुलाला कळला नाही, तर ती पन्नास उदाहरणे वाया गेली.

हौद, नळ आणि क्ष

हौद आणि नळ हा प्रकार नेहमी चेष्टेचा विषय होतो. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, असे कोण करतो? पण हा आरोप घाईचा आहे. लीलावतीत चार झरे एक जलाशय अनुक्रमे एक दिवस, अर्धा दिवस, दिवसाचा तिसरा भाग आणि सहावा भाग एवढ्या वेळात भरतात. एकत्र सोडले तर दिवसाच्या बाराव्या भागात भरतात. यात हसण्यासारखे काही नाही. आणि एकाच वेळी भरणारा व रिकामा होणारा हौद तर पनवेलकरांना चांगला परिचित आहे. गाढी नदीवरचे देहरंग धरण पावसाळ्यात भरते, वर्षभर त्यातून शहराला पाणी जाते आणि उन्हाळ्यात ते तळ गाठते. रोज इतके पाणी येते, इतके जाते, तर साठा किती दिवस पुरेल? हा नळ-हौदाचाच प्रश्न आहे. त्या उदाहरणाचा दोष एवढाच की त्याला त्याचे धरण सापडलेले नाही.

बीजगणितात शब्द गळतात ते वेगळ्या ठिकाणी. 'एका शाळेत दर तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे. विद्यार्थ्यांची संख्या व आणि शिक्षकांची संख्या श मानून समीकरण लिहा.' पुष्कळ मुले ३०व = श असे लिहितात. वाक्यातला क्रम जसाच्या तसा उतरतो, आणि 'व' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या हे विसरून ते 'विद्यार्थी' या शब्दाचे आद्याक्षर होऊन बसते. ही चूक फक्त शाळकरी मुलांची नाही. अमेरिकेत १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशाच प्रश्नावर अभियांत्रिकीचे ३७ टक्के विद्यार्थी चुकले होते. भास्कराचार्य अव्यक्त राशींना यावत्तावत् आणि पुढे बहुधा कालक, नीलक अशी रंगांची नावे देतात. वस्तूचे आद्याक्षर टाळण्यात केवढी सोय आहे, हे अशा वेळी कळते. चूक ओळखण्याचा उपायही जुनाच, इष्टकर्माचा. दहा शिक्षक धरा. विद्यार्थी किती? तीनशे. आता ३० गुणिले ३०० बरोबर १० होतात का, ते पाहा.

शिक्षकाला काय करता येईल?

पुस्तक बदलणे आपल्या हाती नसते. पण आहे त्याच उदाहरणांवर काही गोष्टी करता येतात, आणि त्यांना जादा तास लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आकडे झाकणे. फळ्यावर उदाहरण लिहावे, पण आकड्यांच्या जागी रिकाम्या चौकटी ठेवाव्यात. काय दिले आहे, काय काढायचे आहे, उत्तर दिलेल्यापेक्षा मोठे येईल की लहान, एवढेच मुलांना बोलू द्यावे. आकडे नंतर भरावेत. सुरुवातीला वर्ग गप्प बसेल. त्या शांततेची घाई करू नये.

दुसरी, उदाहरणांची सरमिसळ. आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या प्रकरणांतली पाच उदाहरणे एकत्र द्यावीत. प्रकरणाचे नाव हीच मुलांची सर्वांत मोठी खूण असते. ती काढून घेतली की वाचावेच लागते.

तिसरी, उत्तरानंतरचे एक वाक्य. 'उत्तर : ३१, बाकी १२' याला पूर्ण गुण देऊ नयेत. प्रश्नात जे विचारले त्याचे पूर्ण वाक्यात उत्तर हवे. कर्नाळा अभयारण्यात सहल न्यायची आहे. मुले आणि शिक्षक मिळून १३६ जण आहेत आणि एका बसमध्ये ४४ आसने आहेत. तीन बसमध्ये १३२ जण बसतात, चार उरतात. चौथी बस करायची, की एक जीप, की चौघांनी दाटीवाटीने बसायचे? प्रत्येकाचा खर्च किती वाढेल? येथे एकच बरोबर उत्तर नाही. कारण सांगणाऱ्या प्रत्येक उत्तराला गुण द्यावेत. 'चौघांना घरी ठेवू' म्हणणाऱ्यालाही कारण विचारावे, म्हणजे वर्ग त्याला उत्तर देईल.

चौथी, कधीतरी न सुटणारे उदाहरण देणे. माहिती अपुरी आहे, हे ओळखणे हेही उत्तर आहे. कप्तानाचे वय विचारल्यावर 'हे सांगता येणार नाही' असे म्हणण्याचे धैर्य मुलाला वर्गातच मिळायला हवे. बाहेर ते त्याला कोणी शिकवणार नाही.

आणि शेवटी, मुलांनी घरून उदाहरणे आणावीत. विजेचे बिल, रेशनकार्डावरचे धान्य, बचतगटाचा हप्ता, रिक्षाचे वाटून घेतलेले भाडे, सातबाऱ्यावरचे क्षेत्र. यांतले आकडे गोल नसतात, माहिती अर्धवट असते आणि शब्द किचकट असतात. वर्गात आणताना फक्त एवढे पाहावे की कोणाच्या घरच्या कर्जाची किंवा जमिनीची चर्चा नावानिशी होऊ नये.

हे सगळे केल्यावर परीक्षेचे निकाल लगेच सुधारतील असे नाही. परीक्षेतली उदाहरणे अजून बरीचशी आंब्यांच्या पेटीसारखीच असतात, आणि खुणेचे शब्द तिथे चालूनही जातात. पण दहावीनंतर ती पेटी पुन्हा भेटत नाही. भेटतात ते करारातले, बिलातले आणि नोटिशीतले शब्द, आणि त्यांत आकडे कुठे आहेत यापेक्षा ते कशाचे आहेत हे महत्त्वाचे असते. पुढचे शाब्दिक उदाहरण वर्गात देण्यापूर्वी त्यावर एकदा हात ठेवून पाहावा. शब्द झाकूनही ते सुटत असेल, तर दुसरे शोधावे.